पुनर्विकासात देऊळ बांधताना काय जपायचे : शिखर की विन्यास?

परळकर (चर्चाप्रस्ताव)

चाळीचा पुनर्विकास ठरला की आवारातल्या देवळाचा विषय सभेत सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत लवकर निकालात निघतो. आमच्या चाळीत सध्या तेच चालले आहे. आजचे महादेवाचे देऊळ लहान आहे : जाड भिंतींचा गाभारा, त्याच्यापुढे जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे अंतराळ, मग लाकडी खांबांचा आणि मंगलोरी कौलांचा सभामंडप, आणि त्यात पिंडीकडे तोंड करून बसलेला नंदी. नव्या आराखड्यात हे देऊळ वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, जाणार आहे. बाहेरून ते पांढऱ्या संगमरवरातले, कोरीव शिखराचे असेल. आत मात्र एकच सलग बिनखांबी दालन, तीन बाजूंना काच आणि मागच्या भिंतीला टेकवलेली पिंडी. शिखराच्या नमुन्यांवर सभासदांनी बराच वेळ चर्चा केली, पण प्रदक्षिणा कुठून घालायची हे कोणी विचारले नाही.

माझे म्हणणे असे की देवळाचे देऊळपण त्याच्या विन्यासात, म्हणजे आतल्या भागांच्या मांडणीत, आहे. गाभारा, अंतराळ, मंडप आणि प्रदक्षिणामार्ग हा क्रम जपला, तर पत्र्याच्या छपराखालीही देऊळ उभे राहते. तो मोडला, तर शिखरावर कितीही नक्षी असली तरी आत उरते ते सभागृह. पैसा आणि जागा अपुरी असेल, आणि मुंबईत ती नेहमीच अपुरी असते, तर कात्री शिखराला आणि नक्षीला लावावी, विन्यासाला लावू नये.

हा क्रम काय साधतो, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. कल्याणच्या पुढे अंबरनाथला लोकलने उतरले की शिलाहारांचे, म्हणजे कोकणात राज्य केलेल्या घराण्याचे, शिवमंदिर गाठता येते. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. बाहेरची जंघा, म्हणजे उभी भिंत, लहान लहान कोनांनी पुढे-मागे होत जाते, त्यामुळे दिवसभर तिच्यावर उन्हाच्या आणि सावलीच्या उभ्या पट्ट्या सरकत असतात. मुखमंडपातून, म्हणजे दारापुढच्या छोट्या मंडपातून, आत गेल्यावर उजेड मंदावतो. मंडपाच्या मधोमध चार कोरीव खांब आणि त्यांच्यावर घुमटाकार वितान, म्हणजे कोरीव छत, आहे. तिथे माणूस आपोआप थांबतो आणि वर पाहतो. पुढे गाभाऱ्याच्या दारातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात आणि जमिनीच्या पातळीखाली पिंडी भेटते. बाहेरचे ऊन, मंडपातला अंधुक प्रकाश आणि खालचा गारवा या तिन्हींतून चालत गेल्याशिवाय दर्शन होत नाही. या मंदिराच्या गाभाऱ्यावरचे शिखर आज अपुरे आहे आणि पिंडीवर वरून आकाश दिसते. तरीही आत उभ्या असलेल्या माणसाला आपण गाभाऱ्यात आहोत याविषयी क्षणभरही शंका येत नाही. विन्यास शाबूत असला की शिखराची उणीव सोसते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

शिवाच्या देवळात आणखी एक गोष्ट आहे. अभिषेकाचे पाणी प्रणालातून, म्हणजे दगडी पन्हळीतून, बहुधा उत्तरेकडे, बाहेर पडते आणि ती धार ओलांडायची नाही म्हणून प्रदक्षिणा अर्धी घालून परत फिरायचे असते. पिंडी भिंतीला टेकवली की प्रणाल, सोमसूत्र (म्हणजे न ओलांडायची ती पाण्याची वाट) आणि ती अर्धी प्रदक्षिणा एकाच वेळी नाहीशी होतात. वाहनतळाच्या छतावर तर ते पाणी नळीत सोडावे लागेल. ही किरकोळ सोय-गैरसोय नव्हे. इथे उपासनेची रीतच बदलते.

सभासदांपुढे मत मांडण्यापूर्वी जाणकारांचे आक्षेप ऐकावेत, या हेतूने हा विषय इथे मांडला आहे.

मुलुंडचा अभियंता

परळकरांची तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ते देवळात एकट्याने जाणाऱ्या माणसाचा विचार करत आहेत, आणि मी महाशिवरात्रीचा विचार करतो आहे.

अरुंद दार, उंच उंबरा, अंधार, ओल्या पायऱ्या, आणि जायचा व यायचा रस्ता एकच : गर्दीच्या दृष्टीने यापेक्षा धोकादायक रचना शोधून सापडणार नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि चिंचोळी वाट यांचा त्या दुर्घटनेत मोठा वाटा होता. चाळीतले देऊळ एवढे मोठे नसते हे खरे, पण पुनर्विकासानंतर तिथे तीन-चार पट कुटुंबे राहायला येतात आणि सणाच्या दिवशी ती सगळी एकाच तासात खाली उतरतात. तीन बाजूंनी मोकळे दालन आपण कुरूप म्हणून नाकारणार असू, तर त्याच्या बदल्यात सुरक्षिततेची कोणती सोय करणार हेही सांगितले पाहिजे.

प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर १८०१ मध्ये बांधले गेले तेव्हा ती एक लहानशी विटांची वास्तू होती. भाविक वाढले, ती पुरेना, आणि १९९० च्या दशकात तिथे बहुमजली इमारत उभी राहिली. आज वरच्या सज्जातूनही लोक दर्शन घेतात. परळकरांच्या मापाने पाहिले तर तिथला जुना क्रम मोडला. तरीही मंगळवारी तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण देवळाऐवजी सभागृहात आलो आहोत असे वाटत नाही. मुंबादेवीचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते आणि अठराव्या शतकात किल्ल्याच्या कामामुळे ते हलवावे लागले. देवीबरोबर भक्तही काळबादेवीला गेले. या शहरात देवळे हलली आहेत, वाढली आहेत, मजल्यांवर चढली आहेत. विन्यासाला इतके अढळ मानणे शहराच्या इतिहासाशी जुळत नाही.

शिल्पाभ्यासक

माझा विरोध वरच्या दोघांनाही आहे, पण मूळ प्रस्तावाला अधिक, कारण शिखर आणि विन्यास वेगळे करता येतात हे त्यातले गृहीतकच मला पटत नाही.

देवळाचा आराखडा जमिनीवर आखला जातो तेव्हाच शिखर ठरलेले असते. गाभाऱ्याच्या भिंतीला मध्यभागी जो भद्र पुढे येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना जे प्रतिरथ आणि कोपऱ्याला जे कर्ण असतात, तेच पीठातून (चौथऱ्यातून), जंघेतून वर चढत शिखराच्या उभ्या रेषा होतात. अंबरनाथचे मंदिर भूमिज पद्धतीचे आहे, सिन्नरचे गोंदेश्वरही. या पद्धतीत चार दिशांना चार लता सरळ वर जातात आणि त्यांच्यामधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. त्या ओळी किती आणि प्रत्येकीत शिखरे किती, हे खालच्या कोनांच्या संख्येवरच ठरते. परळकरांनी ज्या ऊन-सावलीच्या पट्ट्यांचे कौतुक केले आहे, त्या शिखर पेलण्यासाठी आखलेल्या कोनांमुळेच पडतात. अंबरनाथला वरून आकाश दिसते ते शिखर अपुरे राहिले म्हणून. ते मंदिर शिखरासाठीच आखलेले होते, म्हणून अपुऱ्या अवस्थेतही ते उभे वाटते. शिखराविना आखलेल्या देवळाला तो लाभ मिळणार नाही.

प्रमाणांचाही विचार करू. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या प्राचीन संस्कृत ग्रंथात देवळासाठी चौसष्ट पदांचे, म्हणजे चौकोनी घरांचे, मंडल सांगितले आहे. उंची रुंदीच्या दुप्पट, गाभारा रुंदीच्या निम्मा, दाराची रुंदी गाभाऱ्याच्या पाव आणि दाराची उंची त्या रुंदीच्या दुप्पट. म्हणजे देऊळ आठ हात रुंद असेल तर गाभारा चार हातांचा, भिंती दोन्ही बाजूंना दोन-दोन हातांच्या, दार एक हात रुंद व दोन हात उंच, आणि शिखरासह उंची सोळा हात. क्षेत्रफळाने पाहिले तर चौसष्ट पदांपैकी सोळा पदे गाभाऱ्याला आणि उरलेली अठ्ठेचाळीस भिंतींना. एवढ्या जाड भिंती कशासाठी? अर्थातच वरच्या शिखराचे वजन घेण्यासाठी. गाभाऱ्याचा गारवा, त्याची शांतता, आत बोललेल्या मंत्राचा घुमणारा नाद, हे सगळे त्या भिंतींचे देणे आहे. शिखर काढून टाकले की भिंतींचे कारण संपते, अभियंते लगेच सहा इंची भिंत सुचवतात, आणि परळकरांचा गाभारा वातानुकूलित खोली होऊन जातो.

दगडी देवळाचे युग संपले, असे मुंबईत सर्रास ऐकू येते. प्रभास पाटणला ऐन समुद्रकाठी सोमनाथाचे दगडी मंदिर आपल्याच काळात बांधले गेले; ११ मे १९५१ रोजी तिथे प्राणप्रतिष्ठा झाली आणि आराखडा प्रभाशंकर सोमपुरा यांचा होता. उलट मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे काय होते, हे या शहरातल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला दुरुस्तीच्या वर्गणीवरून ठाऊक आहे. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. दगडावर दगड रचलेल्या, केवळ दाबावर तोललेल्या रचनेला हा रोग होत नाही. चाळीचे देऊळ लहान असेल तर लहानच राहू द्या, पाच हातांचे असू द्या, पण ते पायथ्यापासून कळसापर्यंत एकाच मापाने वाढलेले असू द्या.

कोकणपट्टा

इतका वेळ अंबरनाथ आणि सिन्नर यांचीच चर्चा चालू आहे. परळकरांच्या चाळीतले देऊळ मात्र वेगळ्या परंपरेतले आहे आणि तिचा अजून कोणी उल्लेखही केलेला नाही, याचे मला वाईट वाटते. जांभ्याचा चौथरा, उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांबांचा तिन्ही बाजूंनी मोकळा सभामंडप, गाभाऱ्यावर असलाच तर चुन्यातला लहानसा घुमट, दारात दीपमाळ आणि तुळशीवृंदावन : कोकणातले हे देऊळ पावसाने घडवले आहे. चार महिने कोसळणारे पाणी उतरत्या छपरावरूनच वाहून जाते आणि त्याच छपराखाली भजन, सप्ताह, गावकी, सगळे चालते. आमच्याकडे शिखर नेहमीच दुय्यम होते. म्हणून शिल्पाभ्यासकांचे प्रमाणशास्त्र मोलाचे असले तरी ते इथल्या प्रत्येक देवळावर लादता येणार नाही, आणि राजस्थानचा संगमरवर तर मुळीच नाही.

परळकरांनी मात्र देवळाची सीमा गाभारा ते नंदी एवढीच धरली आहे, ती मला अपुरी वाटते. वाळकेश्वरला जाऊन पाहा. शिलाहारकाळातले मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या काळात नष्ट झाले आणि रामा कामत यांनी १७१५ मध्ये ते पुन्हा बांधवले. आज तिथे गाभाऱ्याइतकेच महत्त्व बाणगंगेला आहे : पायऱ्यांचा आयताकृती तलाव, काठावरच्या दीपमाळा, भोवतीची लहान देवळे आणि धर्मशाळा. दर्शनाची सुरुवात त्या पायऱ्यांवर होते. पुनर्विकासात आवार गेले, पिंपळाचा पार गेला आणि गाभारा मापात वाचला, तर तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. मागणी करायचीच असेल तर आधी आवाराची करा.

गोरेगावची वाचक

माझी आई चाकांच्या खुर्चीवर असते, त्यामुळे देवळाचा विन्यास हा माझ्यासाठी रोजचा प्रश्न आहे. उंबरा, पायऱ्या, काळोख आणि आत जाण्यासाठी एकच अरुंद दार या सगळ्यांचे सौंदर्य मी वाचले. आईला ते मंडपाबाहेरूनच पाहावे लागते.

अंधार आणि एकच दार म्हणजेच आपली परंपरा, हे मात्र मी मान्य करणार नाही. मुंबईच्याच बंदरात घारापुरीचे मुख्य लेणे आहे, सहाव्या शतकाच्या सुमाराचे. ते उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उजेडाला मोकळे आहे. उत्तरेकडून आत शिरले की समोर दक्षिणेच्या भिंतीत सदाशिवाची प्रचंड त्रिमुखी मूर्ती दिसते, आणि लिंगाचे गर्भगृह मात्र पश्चिमेकडच्या भागात, वेगळ्या अक्षावर, खांबांच्या रांगांमध्ये सुटे उभे आहे. त्याला चारही दिशांना दारे आहेत आणि प्रत्येक दारापाशी दोन असे आठ द्वारपाल आहेत. कोणत्याही दाराने जावे, कोणत्याही दाराने बाहेर पडावे, चहूबाजूंनी फिरावे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला तर मध्यभागी छतच नाही. वर्तुळाकार मोकळ्या जागेतून ऊन आणि चांदणे सरळ खाली येते. दारांची संख्या, उजेड आणि वाटा यांबाबत आपले स्थपती आजच्या सभासदांपेक्षा कितीतरी मोकळे होते. चाळीच्या देवळाला चार नाही तरी दोन दारे, सपाट उंबरा आणि मंडपापर्यंत जाणारा सौम्य उतार द्यायला परंपरेची आडकाठी नाही.

परळकर

घारापुरीचे उदाहरण माझ्या बाजूचेच आहे असे मी मानतो आणि गोरेगावच्या वाचकांचा त्यासाठी आभारी आहे. तिथे चार दारे असली तरी लिंगाची खोली लहान, दगडी आणि वेगळी आहे, आणि तिच्याभोवती फिरायला सर्व बाजूंनी जागा आहे. तो उजेड मंडपाचा आहे. आमच्या आराखड्यात पिंडी आणि मंडप यांच्यात काही अंतरच ठेवलेले नाही, माझी तक्रार तेवढीच आहे. दोन दारे, सपाट उंबरा आणि उतार यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. खुर्ची फिरू शकेल एवढा प्रदक्षिणामार्ग रुंद असला पाहिजे, ही अटही मी मागणीत घालणार आहे.

अभियंत्यांच्या गर्दीच्या प्रश्नाला उत्तर अंबरनाथातच आहे. तिथल्या मंडपाला पश्चिमेप्रमाणेच उत्तरेला आणि दक्षिणेलाही मुखमंडप आहेत. पुढून यावे, दर्शन घ्यावे आणि बाजूच्या दाराने बाहेर पडावे, अशी व्यवस्था त्या रचनेत सहज बसते. गाभारा लहान असल्याने गर्दी वाढत नाही. जाणारे आणि येणारे एकाच दारात समोरासमोर आले की ती तुंबते. काचेच्या दालनालाही जर एकच दार ठेवले, तर धोका तेवढाच राहील.

शिल्पाभ्यासकांशी माझा मतभेद कायम आहे. शिखर आणि आराखडा एकातून एक वाढतात हे भूमिज किंवा लतिन (एकाच सलग वक्र शिखराच्या) मंदिराबद्दल खरे आहे. पण कोकणपट्टा यांनी दाखवलेली कौलारू देवळे शिखराविना पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत आणि त्यांच्या गाभाऱ्याच्या भिंती जाडच आहेत. जाड भिंतीला शिखराचे निमित्त लागत नाही, बांधणाऱ्याचा निश्चय लागतो.

मुलुंडचा अभियंता

बाजूची दारे असतील तर माझा गर्दीविषयीचा आक्षेप बराच सौम्य होतो. पण आता एक सरळ बांधकामाचा प्रश्न उरतो आणि तो या साऱ्या चर्चेला वळण देणारा आहे. शिल्पाभ्यासक जाड दगडी भिंती मागत आहेत, परळकर त्यांना नकार देत नाहीत. आपल्याकडचा काळा पाषाण घनमीटरला जवळपास पावणेतीन ते तीन टन भरतो. एवढे ओझे वाहनतळाच्या छतावर ठेवायचे तर खालचे खांब आणि तुळया त्यासाठीच आखाव्या लागतात, आणि विकासक तो खर्च टाळायला बघतो. म्हणूनच तुमच्या आराखड्यात पातळ संगमरवरी मुलामा आणि काच आली आहे. पोडियमवरचे देऊळ हलकेच असणार. त्याच्या विन्यासावर भांडण्यात अर्थ नाही, ते कुठे ठेवायचे यावर भांडा.

शिल्पाभ्यासक

या मुद्द्यावर मी अभियंत्यांशी सहमत आहे, माझे कारण मात्र वेगळे आहे. देवळाच्या बांधणीचा पहिला संस्कार भूमीवर होतो : जमीन पारखणे, नांगरणे, गर्भन्यास म्हणजे पायात विधिपूर्वक ठेव ठेवणे. पायाखाली मोटारी उभ्या असतील तर यांतले काहीच करता येत नाही. पोडियम मान्य केले की माझे शिखर आणि परळकरांचा गाभारा, दोन्ही प्रतिकृती ठरतात.

कोकणपट्टा

तर मग मागणी एकच ठेवा. इमारतीभोवती जी जागा मोकळी सोडली जाणार आहे, तिच्यात जमिनीला लागून देवळासाठी आणि पारासाठी तुकडा राखावा, आणि तो प्राथमिक आराखड्यावरच दाखवलेला असावा; तोंडी आश्वासन स्वीकारू नये. शिखर की कौले, हे त्यानंतर सावकाश ठरवता येईल. मला विचाराल तर कौले.

परळकर

मागणीपत्राचा मसुदा मी याच क्रमाने लिहितो आहे : जमिनीवरची जागा, वेगळा गाभारा आणि त्याच्याभोवती खुर्ची जाईल असा प्रदक्षिणामार्ग, उत्तरेला प्रणाल, मंडपाला बाजूची दोन दारे. शिखराचा उल्लेख त्यात नसेल. शिल्पाभ्यासकांची हरकत मसुद्याच्या शेवटी त्यांच्याच शब्दांत जोडेन, कारण सभासदांनी निर्णय घेण्यापूर्वी तीही वाचली पाहिजे.

गोरेगावची वाचक

उताराचे माप मसुद्यात स्पष्ट लिहा, परळकर. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी. ‘सौम्य उतार’ एवढेच लिहिले तर चौथरा उंच होतो, उतार आखूड होतो, आणि खुर्ची ढकलणारा माणूस अर्ध्यावरूनच परत फिरतो.